पावसाचे गणित नव्या भाषेत लिहिताना

(वारासिवनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



अकादमीच्या व्यासपीठावर कविता, नाटक, लोकगीते किंवा भाषेचा इतिहास यांवर बोलण्याची रीत आहे. मला मात्र संगणकाच्या आज्ञावल्यांवर बोलायला सांगितले गेले. या विषयाचा अकादमीशी संबंध काय, असे मी संयोजकांना विचारले. ते म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षे भाषांतरच केले ना? मग त्यावरच बोला." त्यांचे म्हणणे खरे आहे. हवामानाचे गणित करणाऱ्या आज्ञावल्या एका संगणकीय भाषेतून दुसऱ्या संगणकीय भाषेत नेणे हे पुण्यात माझे काम होते. त्या कामात काय टिकते, काय गळते आणि काय जपावे लागते, एवढेच आज सांगणार आहे.

भाषांतरात काय गळते ते वारासिवनीच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. इथे घरात पोवारी, बाजारात मराठी आणि हिंदी, कचेरीत हिंदी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपल्या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, त्या दिवसापासून ती भोपाळ झाली, आणि अर्जाची भाषा बदलली. आपण 'बांधी' म्हणतो तेव्हा चारी बाजूंचा बांध, त्यात अडवलेले पाणी आणि रोवणी हे सारे त्या एका शब्दात येते. अर्जात त्याच जागी 'खेत' लिहिले की जमीन तेवढी उरते, पाणी निघून जाते. शब्द चुकलेला नसतो, तरी काहीतरी वाहून गेलेले असते. संगणकाच्या भाषांतही नेमके असेच होते, आणि तिथे वाहून गेलेली गोष्ट पुढे पावसाच्या अंदाजात चूक होऊन उगवते.

हवामानाचे प्रारूप म्हणजे काय, ते आधी सांगतो. पृथ्वीभोवतालचे वातावरण लहान लहान खोक्यांत वाटले आहे अशी कल्पना करा. प्रत्येक खोक्यात हवेचा दाब, तापमान, वारा आणि वाफ यांचे आकडे आहेत. भौतिकशास्त्राचे नियम लावून काही मिनिटांनंतर हे आकडे किती होतील ते काढायचे. त्या उत्तरावरून पुढची काही मिनिटे, मग त्यापुढची. अशी लहान लहान पावले टाकत दहा दिवसांपर्यंत जायचे. प्रत्यक्षातली मांडणी याहून गुंतागुंतीची असते, पण कल्पना हीच.

२६ मे २०२५ रोजी आपल्या देशाची 'भारत फोरकास्ट सिस्टीम' सुरू झाली. ती पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयटीएमने, विकसित केली आहे. आधीच्या प्रणालीत चौकोनाची बाजू १२ किलोमीटर होती, नव्या प्रणालीत ती ६ किलोमीटर आहे. पूर्वी वारासिवनी ते बालाघाट हे अंतर एक-दीड चौकोनात संपायचे. आता मध्ये दोन-तीन चौकोन येतात. बाजू निम्मी केली की चौकोनांची संख्या चौपट होते, आणि काळाचे पाऊलही साधारण निम्मे घ्यावे लागते, म्हणून काम आठपट वाढते. हे काम पेलण्यासाठी पुण्यात 'अर्का' नावाचा महासंगणक आहे. त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी गणिती क्रिया.

हे सारे आपल्यासाठी कशाला, असे कोणी विचारील. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ते बहुधा छत्तीसगडवरून आपल्याकडे सरकते. ते चार दिवसांनी येणार की आठ, यावर पऱ्हे कधी उपटायचे आणि रोवणीला माणसे कधी सांगायची हे ठरते. ज्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली बालाघाटच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचेही सारे गणित पाण्यावर आहे. आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेने काय केले, ते इथे आणि खाली भंडारा-गडचिरोलीपर्यंत कोणी विसरलेले नाही. तेव्हा आज्ञावलीत झालेली चूक पुण्याच्या इमारतीत थांबत नाही, ती बांधीपर्यंत पोचते.

आता भाषेकडे वळतो. जगभरच्या हवामान-प्रारूपांचा फार मोठा भाग आजही फोर्ट्रान या भाषेत लिहिलेला आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. 'फॉर्म्युला ट्रान्सलेशन' हे दोन शब्द आखडून तिचे नाव झाले. म्हणजे या भाषेचे नावच मुळी 'सूत्रांचे भाषांतर' असे आहे. शास्त्रज्ञाने कागदावर सूत्र लिहावे, जवळपास तसेच यंत्राला सांगावे आणि यंत्राच्या आकड्यांच्या बोलीत ते उतरवण्याचे कष्ट भाषेने घ्यावेत, हा तिचा हेतू. तो इतका चांगला साधला की साठ-पासष्ट वर्षांनंतरही ती गणिताच्या कामात टिकून आहे.

पण तिच्या जुन्या रूपाच्या काही सवयी होत्या. ओळ छिद्रांच्या कार्डावर बसावी म्हणून आज्ञा सातव्या रकान्यापासून बहात्तराव्या रकान्यापर्यंतच लिहायची. नावात रोमन लिपीची सहाच अक्षरे. 'वैनगंगा' हे नाव त्यात बसत नाही, त्याचे काहीतरी तोडून-मोडून करावे लागते. त्यामुळे जुन्या आज्ञावल्या वाचणे म्हणजे मोडी दस्तऐवज वाचण्यासारखे आहे. अक्षर लागले तरी नाव लागत नाही, आणि नाव लागले तरी ते का दिले ते कळत नाही.

मग ही भाषा बदलायची का? कारण यंत्रे बदलतात. आपल्याच देशाचे उदाहरण घेऊ. १९८८ च्या सुमारास मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि त्या कामासाठी अमेरिकेचा क्रे महासंगणक दिल्लीत आला. त्यावर 'टी-८०' नावाचे प्रारूप चालू लागले. त्याच सुमारास पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' होता, भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' होता. क्रे म्हणजे एक बलदंड पैलवान. ही देशी यंत्रे म्हणजे एकमेकांशी बोलत काम करणाऱ्या अनेक मजुरांची टोळी. पैलवानासाठी लिहिलेले काम टोळीला वाटून द्यायचे तर आज्ञावली नव्याने मांडावी लागते. १९९० च्या दशकात टी-८० या देशी यंत्रांवर चालवून दाखवण्याचे काम झाले. बंगळूरच्या कामात यू. एन. सिन्हा प्रमुख होते, आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या, मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांचाही त्या कामाशी संबंध होता.

पुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे. सिन्हा आणि रवी नंजुंडैया यांनी ते जुने प्रारूप फोर्ट्रान-९० या नव्या रूपात पुन्हा रचले आणि १९९९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याबद्दल लिहिले. हेच नंजुंडैया पुढे पुण्याच्या आयआयटीएमचे संचालक झाले. जुन्या फोर्ट्रानमध्ये तक्त्यांचे आकार आधीच बांधून टाकावे लागत. चौकोन बदलायचे म्हटले की ठिकठिकाणी हात घालावा लागे. नव्या फोर्ट्रानमध्ये आकार चालताना ठरवता येतो आणि आज्ञावलीचे सुटसुटीत भाग पाडता येतात. हे भाषांतर एकाच घराण्यातले होते, जुनी मराठी आजच्या मराठीत आणावी तसे. आज चाललेली भाषांतरे त्याहून दूरची आहेत. फोर्ट्रानमधून सी प्लस प्लसमध्ये, पायथनमध्ये, ज्युलियात. याचे मोठे कारण पुन्हा यंत्रच आहे. आजच्या महासंगणकांत चित्रे रंगवण्यासाठी निघालेले जीपीयू नावाचे घटक असतात. हजारो लहान हात एकाच वेळी एकच काम करतात. जुन्या आज्ञावलीला ते हात वापरताच येत नाहीत.

दूरच्या भाषेत जाताना काय होते, हे सांगण्यासाठी तुमच्या ओळखीचे उदाहरण देतो. आपल्याकडे अनेकांनी वर्षानुवर्षे कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये मजकूर टंकला आहे. तो युनिकोडमध्ये आणताना अक्षरामागे अक्षर बदलत गेलो तर काय होते? जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते, कारण ती उच्चारात नंतर येते. रफाराचे नेमके उलटे आहे. म्हणून 'किती' आणि 'मार्ग' हे शब्द आंधळेपणाने नेले तर मोडतात. चिन्हे सारी तीच, क्रमाची समज मात्र वेगळी.

संगणकीय भाषांतही अशीच क्रमाची समज असते. एक मोठा तक्ता आहे, त्यात ओळी आणि स्तंभ आहेत. संगणकाची स्मृती मात्र एकाच लांब रांगेसारखी असते. फोर्ट्रान तो तक्ता एकेका स्तंभाने रांगेत लावते, सी भाषा एकेका ओळीने. रोवणी करणाऱ्या बाया एका टोकाकडून मागे सरकत येतात आणि पेंढ्या त्याच वाटेत टाकून ठेवलेल्या असतात. कोणी पेंढ्या आडव्या दिशेने टाकून ठेवल्या तर रोवणी होईल, पण प्रत्येक चुडीसाठी बांधीभर चालावे लागेल. तक्त्याच्या क्रमाचा विचार न करता भाषांतर केले तर उत्तर बरोबर येते, पण आज्ञावली कित्येक पटींनी मंदावते. शिवाय फोर्ट्रान मोजणी बहुधा एकपासून सुरू करते आणि सी शून्यापासून. एवढ्या एका फरकामुळे शेजारच्या चौकोनाचा पाऊस आपल्या चौकोनात येऊन पडू शकतो.

आणखी एक नमुना. पृथ्वीचा फेरा ३६० अंशांचा. वारासिवनी सुमारे ८० अंश पूर्वेला आहे. शून्य अंशावरून एक अंश पश्चिमेला सरकलो तर आपण ३५९ वर येतो. आज्ञावलीत हे साधायला उणे एकला ३६० ने भागून बाकी काढतात. जुन्या फोर्ट्रानमधली नेहमीची क्रिया या बाकीचे उत्तर उणे १ देते. पायथन ३५९ देते. दोन्ही भाषा आपापल्या नियमाने बरोबर आहेत. पण जुन्या लेखकाने उणे १ येणार हे धरून पुढच्या ओळीत ३६० मिळवलेले असतील, तर पायथनमध्ये तेच केल्यावर ७१९ येतात, आणि पृथ्वीवर ७१९ अंशांवर कोणतेही गाव नाही. तसेच भागाकाराचे. एकला दोनने भागले तर फोर्ट्रानमध्ये, दोन्ही पूर्णांक असल्यास, उत्तर शून्य येते. आजच्या पायथनमध्ये अर्धा येतो. यंत्र तक्रार करीत नाही. अंदाज छापून येतो, नकाशा रंगीत दिसतो आणि चूक आत दडून राहते.

उलटही घडते, हे सांगायला हवे. नवी भाषा जुन्या चुका उघड्या पाडते. जुन्या फोर्ट्रानमध्ये नाव जाहीर न करता वापरता येते. एखाद्या नावात एक अक्षर चुकले तर यंत्र त्याला नवीच राशी समजते आणि पुढे जाते. सी प्लस प्लस तिथेच अडते आणि विचारते, ही कोण? अनेक वर्षे बिनबोभाट चाललेल्या आज्ञावलीत अशी बिनओळखीची माणसे निघतात. म्हणून भाषांतर करणारा हा त्या आज्ञावलीचा सर्वांत बारकाईने वाचणारा वाचक असतो. साहित्यातही भाषांतरकाराबद्दल आपण हेच म्हणतो.

आता मुख्य प्रश्न. भाषांतर बरोबर झाले हे ओळखायचे कसे? सोपे उत्तर असे की जुनी आणि नवी आज्ञावली एकाच दिवसाच्या आकड्यांवर चालवा आणि उत्तरे ताडून पाहा. पण ती तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यात कोणाचीच चूक नसते.

धान खरेदी केंद्रावरचा हिशेब घ्या. ४० पोती आहेत, प्रत्येकात ४०.४ किलो धान. प्रत्येक पोते तोलून पूर्ण किलोत लिहिले तर बेरीज १,६०० येते. सारी पोती एकदम तोलली तर १,६१६ येते. धान तेच, फरक १६ किलोंचा, आणि तो कोणी खाल्लेला नाही. संगणकही आकडा ठरावीक स्थळांपर्यंतच ठेवतो, पुढचे सोडून देतो. बेरजेचा क्रम बदलला तर सोडून दिलेला भागही बदलतो. नवी भाषा आणि हजार हातांचे नवे यंत्र बेरजेचा क्रम हमखास बदलतात. म्हणून शेवटच्या काही स्थळांत फरक पडतो.

इतक्या बारीक फरकाने काय होणार? १९६१ साली अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ यांना त्याचे उत्तर मिळाले. हवामानाचे एक लहान प्रारूप त्यांनी मधूनच पुन्हा सुरू केले. यंत्रात ०.५०६१२७ असा आकडा होता. छापलेल्या कागदावर तीनच स्थळे होती, म्हणून त्यांनी ०.५०६ भरला. थोड्या काळापर्यंत दोन्ही उत्तरे बरोबरीने चालली, मग हळूहळू फुटली, आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. वातावरणाचा स्वभावच असा आहे. तेव्हा भाषांतराची परीक्षा दहाव्या दिवसाच्या आकड्यावरून करता येत नाही.

मग आम्ही काय करतो? पहिली गोष्ट, सारी आज्ञावली एकदम बदलत नाही. एक भाग काढतो, नव्या भाषेत लिहितो, जुन्याच्या शेजारी ठेवतो आणि दोघांना तेच आकडे देऊन एकाच पावलाचे उत्तर ताडतो. दुसरी गोष्ट, जे निसर्गात नष्ट होत नाही ते आज्ञावलीतही नष्ट होत नाही ना, हे पाहतो. हवेचे एकूण वस्तुमान आणि पाण्याचा एकूण हिशेब, म्हणजे वाफ, ढग आणि पाऊस मिळून, जुळलाच पाहिजे. तिसरी गोष्ट, जुनी आज्ञावली एकदाच न चालवता अनेकदा चालवतो, दर वेळी सुरुवातीच्या तापमानात नगण्य फरक करून. त्यातून उत्तरांचा एक पट्टा तयार होतो. नव्या आज्ञावलीचे उत्तर त्या पट्ट्यात बसले तर भाषांतर मान्य. गावातला प्रत्येक माणूस वेगळा बोलतो, तरी परक्याची बोली लगेच ओळखू येते. ही परीक्षा तशीच आहे.

अशा पुनर्लेखनाची एक सुंदर कहाणी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने २० मे १९१० या दिवसाच्या युरोपातील हवामानाचे गणित हाताने केले. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनने हे अपयश १९२२ साली आपल्या पुस्तकात सारे आकडे देऊन छापले. कितीतरी वर्षांनी आयर्लंडच्या पीटर लिंच यांनी तेच गणित संगणकाच्या भाषेत लिहिले आणि रिचर्डसनचे चुकलेले उत्तर आधी जसेच्या तसे मिळवले. मग सुरुवातीच्या आकड्यांतला खडबडीतपणा गाळला, तेव्हा बदल १ हेक्टोपास्कलहूनही कमी आला. म्हणजे रिचर्डसनची पद्धत बरोबर होती, दोष सुरुवातीच्या आकड्यांत होता. हा निवाडा शक्य झाला, कारण रिचर्डसनने प्रत्येक पायरी का आणि कशी घेतली ते लिहून ठेवले होते. याच लिंच यांनी २००८ साली आणखी एक प्रयोग केला. १९५० मध्ये एनियाक संगणकावर २४ तासांच्या अंदाजाला जवळपास २४ तासच लागले होते. ते गणित त्यांनी नोकिया ६३०० या साध्या फोनवर बसवले. तिथे ते एका सेकंदाच्या आत झाले. तसा फोन एकेकाळी तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात असेल.

रिचर्डसनसारखे लिहून ठेवणारे थोडेच असतात. बहुतेक आज्ञावल्यांत काय केले ते असते, का केले ते नसते. आमच्या कामातला एक प्रसंग सांगतो. मातीतल्या ओलाव्याचा भाग आम्ही फोर्ट्रानमधून नव्या भाषेत नेत होतो. एका ओळीत ०.७५ हा आकडा होता. एका पावलात वरच्या थरातून जास्तीत जास्त इतकाच ओलावा उडू शकेल, अशी ती मर्यादा होती. शेजारी टीप नव्हती. पुस्तकांत, शोधनिबंधांत शोधले, कुठेच नाही. आमच्यात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, आहे तसा आकडा न्यावा, आपण भाषांतरकार आहोत, लेखक नाही. दुसऱ्याचे म्हणणे, ज्याला आधार नाही तो आकडा काढून टाकावा. शेवटी निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी जुनी वही काढली. त्यात मराठीत दोन ओळी होत्या, त्यांचा मतलब असा: पाऊल लांब, थर पातळ, एका फटक्यात ओलावा उणे जातो, म्हणून पाऊणच काढू द्यावा.

बस, एवढेच. निसर्गाचा तो नियम नव्हताच. तेव्हाच्या यंत्राला झेपावे म्हणून काळाचे पाऊल लांब घेतले होते, आणि त्या लांब पावलावरचा तो उतारा होता. नव्या यंत्रावर पाऊल कितीतरी लहान झाले होते. आजार गेला होता, औषध तेवढे चालू होते. तेव्हा आहे तसे नेणेही बरोबर नव्हते आणि न विचारता फेकणेही बरोबर नव्हते. कारण कळल्यावर निर्णय घ्यायला पाच मिनिटे पुरली. मर्यादा ठेवली, पण ती पावलाच्या लांबीशी जोडली, आणि कारण आज्ञावलीतच लिहून ठेवले. त्या आकड्याचा अर्थ आज्ञावलीत कुठेच नव्हता, तो एका मराठी वहीत होता. ते गृहस्थ भेटले नसते, किंवा वही रद्दीत गेली असती, तर? अशा किती वह्या रद्दीत गेल्या असतील, हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

जगात या प्रश्नाला तीन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. स्वित्झर्लंडच्या हवामान संस्थेने आपल्या प्रारूपाचा वाऱ्याच्या गतीचा गाभा सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिला, ढग आणि किरणांचे भाग फोर्ट्रानमध्येच ठेवून त्यांत जीपीयूसाठी सूचना घातल्या, आणि २०१६ पासून रोजचा अंदाज त्यावर काढला. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या गटाने वातावरणाचे प्रारूप पुरते सी प्लस प्लसमध्ये नेले. भाग नेताना अनेक ठिकाणी त्यांनी जुन्या फोर्ट्रानशी शेवटच्या अंकापर्यंत उत्तर जुळवून पाहिले. या कामाला २०२३ मध्ये हवामान-प्रारूपांसाठीचे गॉर्डन बेल पारितोषिक मिळाले. ब्रिटनच्या हवामान विभागाने तिसरा मार्ग धरला. शास्त्रज्ञाने ठरावीक शिस्तीत फोर्ट्रानमध्येच सूत्र लिहावे, आणि यंत्रासाठीची मांडणी दुसऱ्या आज्ञावलीने आपोआप तयार करावी. त्या नव्या प्रणालीला त्यांनी रिचर्डसनचे नाव दिले आहे. ब्रिटिशांचे सध्याचे प्रारूप आपल्या नोएडाच्या केंद्रातही वापरले जाते, त्यामुळे तिकडच्या बदलाचा आपल्याशीही संबंध आहे.

चौथी वाट अलीकडची आहे. २०२४ मध्ये गूगलच्या शास्त्रज्ञांनी 'न्यूरलजीसीएम' हे प्रारूप मांडले. त्याचा गतीचा गाभा जुन्याच लहरींच्या पद्धतीचा, म्हणजे टी-८० च्याच घराण्यातला, पण पायथनच्या परिवारात नव्याने लिहिलेला. तसे लिहिल्यामुळे प्रारूप जुन्या नोंदींवरून स्वतःला सुधारू शकते. २०२५ च्या पावसाळ्याआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे जे संदेश पाठवले, त्यांत या प्रारूपाचा वापर झाला होता. संगणकाच्या भाषेतला बदल शेतकऱ्याच्या फोनवर असा पोचतो.

आता लोक विचारतात, कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात फोर्ट्रानचे सी प्लस प्लस करून देते, मग माणसाचे काम काय? ती करून देते, आणि पुष्कळदा चांगले करून देते. रकाने, क्रम, शून्य आणि एक हे सारे ती सांभाळील. पण पाऊण का, हे जिथे लिहिलेलेच नाही तिथून ती काढणार कुठून? कारण सांगितले तर ती सुंदर अक्षरात लिहील. ते आधी कोणीतरी जपलेले असले पाहिजे.

म्हणून माझे मागणे साधे आहे. इथल्या महाविद्यालयांतून मुले-मुली संगणक शिकायला नागपूर, जबलपूर, पुणे, बंगळूरला जातात. त्यांतली काही अशाच कामावर लागतील. त्यांना शिक्षकांनी एक सवय लावावी: प्रत्येक निर्णयाशेजारी त्याचे कारण लिहायचे. जगभरच्या सहकाऱ्यांसाठी ते इंग्रजीत लिहावे लागेल, त्याला माझी हरकत नाही. पण कारण आधी स्वतःला नीट कळते ते आपल्या भाषेत. 'पाऊण', 'उतारा', 'एका फटक्यात' हे शब्द त्या वहीत होते म्हणून ते कारण वीस वर्षांनीही पहिल्या वाचनात कळले. पूर्वी असे शब्द संगणकात लिहिताच येत नसत. पुण्याच्या ज्या सी-डॅकने परम बांधला, त्याच संस्थेने जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम केले, १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेत ठरला, आणि आता युनिकोडमुळे आज्ञावलीतली टीपही मराठीत लिहिता येते. सोय आहे, ती वापरायला हवी.

आणि अकादमीलाही एक विनंती. आपण ओव्या, म्हणी, दस्तऐवज जमवतो. त्यांच्या शेजारी अशा कामाच्या वह्यांनाही जागा द्यावी. पाटकऱ्याची पाण्याची पाळी, विणकराचा ताण्याचा हिशेब, खाणीतल्या सर्वेक्षकाची नोंद, प्रोग्रॅमरची दैनंदिनी. त्यांत साहित्य थोडे असेल, पण 'हे असे का केले' याची उत्तरे असतील. यंत्रे दर पाच-सात वर्षांनी बदलणार आणि त्यांच्या भाषाही बदलत राहणार. पुढच्या भाषांतरकाराला उपयोगी पडेल असे आपण मागे ठेवू शकतो ते म्हणजे ही उत्तरे.